सॉयर स्क्वीझ: वाळवंटी ट्रेलसाठी पाण्याचा फिल्टर

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल म्हणजे अमेरिकेतली मेक्सिको सीमेपासून कॅनडा सीमेपर्यंतची लांब पायवाट. तिचा पहिला टप्पा, कँपो ते केनेडी मेडोज, कोरड्या दक्षिण कॅलिफोर्नियातून सुमारे 1,100 किलोमीटर जातो. इथे पुष्कळदा गुरांच्या टाक्यातलं शेवाळलेलं पाणी प्यावं लागतं. त्यासाठी हा फिल्टर उत्तम. वजन जेमतेम 85 ग्रॅम, छिद्रं 0.1 मायक्रॉनची, आणि स्मार्टवॉटर या ब्रँडच्या पाण्याच्या बाटलीवर थेट फिरवून बसतो. जिवाणू आणि जिआर्डिया (जुलाब करणारा परजीवी) अडतात. विषाणू, क्षार, युरेनियम मात्र आरपार जातात. म्हणून झऱ्यावर युरेनियमची पाटी असेल तर फिल्टरच्या भरवशावर राहू नका.

फिल्टरसोबत येणाऱ्या पिशवीत पाणी भरून ती पिळायची, म्हणजे पाणी फिल्टरमधून गाळून येतं. पण ही पिशवी कमकुवत. प्रवाह मंदावला की माणूस जोरात पिळतो आणि शिवण सुटते. त्यापेक्षा 28 मिलिमीटर आट्यांची, मागची बाजू पूर्ण उघडणारी दोन लिटरची पिशवी वेगळी घ्या. उथळ डबक्यातूनही भरते. गढूळ पाणी आधी रुमालातून गाळा. गावात पोचलात की सिरिंजने स्वच्छ पाणी उलट दिशेने जोरात सोडा. तरीही धार बारीकच असेल, तर क्षार साचलेत. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून धुवा.

आतला रबरी वॉशर निसटला तर कच्चं पाणी बाजूने झिरपून चांगल्या बाटलीत उतरतं, तेव्हा एक जादा ठेवाच.

सर्वांत मोठा धोका थंडीचा. वाटेतल्या सॅन हसिंटो पर्वताच्या उंचीवर रात्री पाणी गोठतं. ओला फिल्टर गोठला की आतल्या नळ्या फुटतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रात्री तो झिपलॉकमध्ये घालून स्लीपिंग बॅगमध्येच ठेवा. गोठल्याची शंका आली तरी नवा घ्या.