हँड गिअरचा पिकअप शोधला, पद्मिनी मिळाली: कोल्हापुरात रोज वापरून झाल्यावर

हँड गिअरची, म्हणजे गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबावर असलेली, जुनी गाडी घेणार असाल तर इंजिन, पत्रा, रंग सगळं नंतर बघा. आधी बॉनेट उघडा. स्टेअरिंगच्या खांबाला लागून खाली उतरणारी गिअरची दांडी, तिच्या तळाचे लिव्हर आणि त्यातले बुश, म्हणजे सांध्यात पिनेभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, बघा. मी १९९२ ची प्रीमियर पद्मिनी गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी घेतली. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा उसाचा हंगाम तिच्यावर काढला. तिचं सुख आणि तिची कटकट, दोन्ही बहुतेक त्या दोन-अडीच फुटांतच निघालं.

खरं म्हणजे मला पद्मिनी नको होती, पिकअप पाहिजे होता. शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्नचं काम आहे. फाउंड्रीत ओतकामाचे साचे ज्यांवरून पाडतात ते लाकडाचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे नमुने, म्हणजे पॅटर्न आणि कोअर बॉक्स, बनवायचे आणि शिरोली, गोकुळ शिरगावला पोचवायचे. माल वजनाला फार नसतो, पण अडचणीचा असतो, आणि बसवून द्यायला बरोबर दोघं कारागीर लागतात. हल्लीच्या पिकअपमध्ये पुढं तिघं बसले की मधल्याच्या पायात गिअर येतो. दुसरा टाकायचा म्हटलं की त्यानं गुडघा आवरायचा. हँड गिअरला खालची जागा मोकळी राहते आणि सीट अखंड मिळते. शिवाय हौस होतीच, ती कशाला लपवू?

हँड गिअर निघाला तोही याच कारणानं. अमेरिकेत १९४० च्या आसपास बहुतेक मोटारींचा गिअर फ्लोअरवरून उठून स्टेअरिंगखाली गेला, कारण पुढं तिघांना बसता येत होतं. मोटारींनी तो पुढं सोडला, पिकअपनी धरून ठेवला. शेवरोलेच्या पिकअपला तीन गिअरचा हँड गिअर १९८७ पर्यंत मिळत होता. म्हणून तिकडच्या माणसाला असा पिकअप शोधायचा तर निवडायला दोन-तीन कंपन्या आणि चाळीसेक वर्षांचा माल आहे. आपल्याकडं तसं नाही, आणि डाव्या स्टेअरिंगची ती धुडं इथं आणायचा विचार मी केलाही नाही.

इथं शोधायला लागलो तेव्हा पहिलं नाव सगळ्यांनी मॅटाडोरचं घेतलं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ही मालाची गाडी एके काळी दुधापासून वरातीपर्यंत सगळीकडं होती. आता ती सापडते ती एखाद्या गुऱ्हाळामागं, टायर नसलेली, नाहीतर कागद हरवलेली. दोन बघितल्या. एकीच्या हौद्यात कोंबड्या होत्या आणि मालक किंमत मात्र चालू गाडीची सांगत होता.

दुसरा प्रकार म्हणजे मागून कापून हौदा केलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर. इचलकरंजीच्या बाजूला अशी एक फार देखणी मिळत होती, वेल्डिंगही सफाईचं होतं. पण आरसी बुकात ती सलूनच, म्हणजे बंद प्रवासी मोटार. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलंय. पासिंगला अडकणार, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार. असली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

राहिली न कापलेली पद्मिनी. अ‍ॅम्बॅसडर मोठी, पण हँड गिअरची हवी तर इसुझू इंजिनची १८०० टाळावी लागते. १८०० बरोबर पाच गिअरचा बॉक्स आला आणि दांडा फ्लोअरवर गेला. पद्मिनीत शेवटच्या काही वर्षांतली मॉडेलं सोडली तर हँड गिअरच असतो. मला मिळाली तिची पुढची सीट अखंड होती आणि नंबर एमएच ०९ चा, म्हणजे दुसऱ्या आरटीओची एनओसी आणायचं झंझट नाही. दीड लाखाच्या आत व्यवहार झाला.

आता गिअरबद्दल. दांडा ज्या एच आकारात फिरतो तो फ्लोअरच्या गिअरला आडवा असतो, हा उभा केलेला. पहिला आणि दुसरा दांडा स्वतःकडं ओढून वर-खाली, तिसरा आणि चौथा पलीकडच्या गाळ्यात, म्हणजे एचच्या दुसऱ्या रांगेत, वर-खाली. पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग जुळवून देणारी कडी, नाही, त्यामुळं गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. बिंदू चौकात मागून हॉर्न कितीही वाजू द्या. चौथ्यातून तिसऱ्यात यायला दांडा नुसता वर उचलायचा. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चाललेला ट्रॅक्टर ओलांडताना याच्यासारखं सोपं काही नाही, डावा हात स्टेअरिंगपासून वीतभरसुद्धा लांब जात नाही. खरी परीक्षा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना. तिथं गाळा बदलतो. घाईनं तिरका ओढला की दांडा मधेच अडकतो, आणि बुश झिजलेले असतील तर हमखास अडकतो.

ते का, हे माझ्या मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी दाखवलं. वय झालेला माणूस, उभी हयात फियाट (पद्मिनीला जुनी माणसं हेच म्हणतात) आणि अ‍ॅम्बॅसडरवर गेलेली. मला आत बसवून न्यूट्रलमध्ये दांडा हलवायला लावला आणि स्वतः बॉनेटखाली वाकले. म्हणाले, "मालक, वर हालतंय तर खाली बी हालाय पायजे. हितं काय बी न्हाई." मग जागा बदलून मला दाखवलं. वरचा दांडा चांगला दीड-दोन इंच फिरत होता आणि खालचा लिव्हर तोपर्यंत जागचा हलत नव्हता. गिअरबॉक्सपर्यंत दोन दांड्या जातात, एक गाळा निवडते, दुसरी गिअर टाकते. प्रत्येक सांध्यावर एक बुश आणि एक पिन. प्रत्येक सांध्यात केसाएवढी ढिलाई आली तरी सगळी मिळून वर मुठीत इंचभर होते. पहिल्या गाळ्यातून पूर्ण बाहेर न येता दुसऱ्या गाळ्यात शिरायचा प्रयत्न झाला की सगळंच जाम. मग बॉनेट उघडून हातानं लिव्हर सरळ करायचा, दुसरा इलाज नाही.

काढलेले जुने बुश हातावर घेतले तर भोकं गोल राहिलीच नव्हती, सगळी लंबगोल. एकाचा तर निम्मा भाग गायब आणि त्या जागी कधीतरी कुणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली. बाजारात मिळतात ते बुश मी बघितले, बसवले नाहीत. उद्यमनगरात राहून तयार बुश घ्यायचा म्हणजे लाज आहे. शेजारच्या लेथवर नायलॉनच्या रॉडमधून काढून घेतले, भोक पिनपेक्षा एक दशांश मिलिमीटरभर मोठं ठेवून. पितळी करा असं दोघांनी सुचवलं. मी नको म्हणालो. पितळ टिकतं, पण आवाज करतं आणि बुशाऐवजी पिन खातं; पिन बनवणं जास्त खर्चाचं. दोन पिना झिजलेल्या होत्या, त्याही नव्या केल्या. नंतर दांड्यांची लांबी नट ढिला करून थोडी-थोडी बदलत जुळवायची, हे काम मात्र सबुरीचं आहे. मेस्त्रींनी अर्धा दिवस घेतला आणि मधे तीनदा चहा. लेथ, मजुरी, ग्रीस सगळं धरून दोन हजारांच्या आत बसलं. तेव्हापासून दांडा दोन बोटांनी पडतो, पावसाळ्यातला चिखल खाऊनसुद्धा. दर सर्व्हिसिंगला सांध्यांना ग्रीस मारायला सांगतो, तेवढंच.

एक गोष्ट बघायला जाणाऱ्यांसाठी. गिअर करकरतात म्हणून दोष नेहमी दांड्यांचाच असतो असं नाही. इंजिन बंद असताना चारही गिअर मऊ पडतात आणि चालू केल्यावर करकरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बंद गाडीतही अडकतात, तर दांड्या-बुश. विकणारा दोन्हींना "जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच" म्हणतो.

बाकी गाडी म्हणाल तर १०८९ सीसीचं इंजिन, चाळीस घोड्यांच्या आसपास ताकद. पुणे-बंगळूर हायवेवर साठ-पासष्टला खूश असते, त्यापुढं आवाज वाढतो, वेग नाही. गावात लिटरला दहा-अकरा, हायवेला तेरापर्यंत. मागं पाट्यांचे स्प्रिंग असल्यानं डिकीत आणि मागच्या सीटवर पॅटर्न भरले तरी गाडी बसत नाही. उलट रिकामी असताना जास्त उडते. लांब पॅटर्न मात्र कॅरिअरवरच न्यावा लागतो, आणि तिथं पिकअपची आठवण येतेच.

चारही चाकांना ड्रम ब्रेक. जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना दुसरा टाकूनच उतरायचं, नुसत्या ब्रेकवर आणली तर खाली येईपर्यंत पेडल लाकडासारखं होतं. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की पहिला ब्रेक लागतच नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर डावा पाय मोकळा ठेवून चालत्या गाडीत ब्रेक हलका दाबून धरायचा, ड्रम तापून कोरडे होतात. पंचगंगा पात्राबाहेर आली की आपल्याकडं ही सवय लागतेच.

पेट्रोलचं वेगळंच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवर चालणारा, आत रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम. दिवाळीच्या सुमारास सकाळी सकाळी गाडी चालू होईना, डायफ्रॅम फुगून कडक झालेला. नवा टाकताना इथेनॉल सोसेल असा बघून घेतला आणि सगळे रबरी पाइपही बदलले. आपलाच ऊस, आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल, तक्रार तरी कुणाकडं करायची?

कागदांचा खर्च आधीच धरून ठेवा. पंधरा वर्षांपुढं दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. त्याची फी मोटारीला २०२२ पासून पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना दहा हजार. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. नवी सुरक्षा नंबरप्लेट मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, पण त्यासाठी गाडीची नोंद ऑनलाइन असावी लागते, आणि जुन्या गाड्यांची कधी कधी नसते. इसार देण्याआधी नंबर टाकून बघा. चॅसी नंबर स्वतः पुसून, बुकाशी अक्षर अन् अक्षर ताडून घ्या. व्हिंटेजची वेगळी नोंदणी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना आहे, पण ती घेतली तर धंद्यासाठी गाडी वापरता येत नाही, म्हणजे माझ्यासारख्याला ती तशीही उपयोगाची नाही.

सुटे भाग अजून तरी मिळतात. मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी २०२३ मध्ये संपली, त्यामुळं तिथला जुना माल बाहेर आला. क्लच प्लेट, ब्रेक सिलिंडर लक्ष्मीपुरीत विचारलं की चार दिवसांत येतं. दरवाज्यांची रबरं आणि पुढच्या त्रिकोणी काचेची पट्टी मात्र मिळेल त्या किमतीला घ्या, परत दिसेलच असं नाही.

रोज ऐंशीच्या वेगानं जायचं असेल, घरात गाडी चालवणारे तिघं-चौघं असतील, तर ही घेऊ नका. माझ्या पुतण्याला अजून दुसऱ्यातून तिसरा नीट पडत नाही आणि तो ते कबूल करत नाही. एकहाती गाडी असेल, जवळचे हेलपाटे असतील आणि ओळखीचा लेथवाला असेल तर बिनधास्त घ्या. माझी कॅरिअरची पट्टी वाढवून घ्यायची आहे, आणि गडहिंग्लज बाजूला कागदासकट एक मॅटाडोर उभी आहे असं परवाच कळलंय. रविवारी बघायला जाणार आहे, मेस्त्रींना बरोबर घेऊन.