रॉकेल हीटर, अख्खा हिवाळा वापरून: उबेबद्दल तक्रार नाही, वासाबद्दल आहे

आधी तीन स्टार दिले होते, आता चार करतोय. पण तो वास अजून नाकातून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लाईट गेली तर असावा म्हणून घेतला आणि पहिल्याच हिवाळ्यात सलग तीन दिवस लाईट गेली, नंतरही अधूनमधून जातच राहिली. वातीचा, 5 लिटर टाकी, अडीच किलोवॅट. 1 लिटर रॉकेलमध्ये जवळपास 10 युनिट उष्णता असते त्यामुळे फुल टाकीवर 18-20 तास चालतो हा कंपनीचा दावा खरा आहे, मी घड्याळ लावून बघितलं. फक्त अख्खं घर गरम करायचा नाद सोडा. आम्ही सगळे सर्वात लहान खोलीत गाद्या टाकून झोपलो, खिडकीवर जाड रग टांगला, झालं.

आता वास. पेटलेला असताना काही नाही, पण बंद केला की दोन मिनिटं जो भपकारा सुटतो तो पडद्यात, उशीत, केसात जाऊन बसतो. ज्वाळा विझते पण वात गरमच असते, मग न जळलेल्या रॉकेलची वाफ खोलीभर पसरते. मी हुशारी केली, म्हटलं बाहेर नेऊनच विझवू. पेटलेला हीटर उचलून दारापर्यंत गेलो, धक्का लागला की आपोआप बंद होणारी सिस्टीम तिथेच चालू झाली आणि सगळा वास पॅसेजमध्ये. पेटलेला असताना हलवू नका असं मॅन्युअलमध्ये ठळक छापलंय, ते बायकोने मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

जानेवारीत वास फारच वाढला, ज्वाळाही पिवळी यायला लागली. कस्टमर केअरला फोन केला तर तीन वेळा एकच उत्तर, वात बदला. मी म्हटलं वात एवढ्यात कशी गेली, तर परत तेच. रागाने स्वतः उघडून बघितलं तर वातीच्या टोकावर डांबरासारखा कडक थर. चूक माझीच होती, जुन्या कॅनच्या तळाचं पिवळट रॉकेल फुकट कशाला घालवायचं म्हणून तेच ओतलं होतं. मग बाहेर अंगणात ठेवून टाकी कोरडी होईपर्यंत जळू दिला, थर जळून गेला, ज्वाळा पुन्हा निळसर. (हे फायबरग्लासच्या वातीलाच चालतं, सुती वात कोरडी जाळलीत तर वातच जळेल.) वात बदलायचा खर्च वाचला आणि चौथा स्टार इथे मिळाला.

माझ्या चिकटपणाचा दुसरा पराक्रम म्हणजे ऊब बाहेर जाऊ नये म्हणून पहिल्या रात्री खिडकीच्या फटी टेप लावून बंद केल्या. सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ आणि भिंतीचा कोपरा ओला. मला वाटलं हीटर गळतोय, पण नाही, 1 लिटर रॉकेल जळलं की साधारण 1 लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं, थंड काच दिसली की तिथे बसतं. आणि पाण्याचं सोडा, फटी बंद केल्या की कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका, त्याला तर वासही नसतो. मी भपकाऱ्याला शिव्या घालत बसलो होतो. आता खिडकी बोटभर उघडी, त्या वायूचा अलार्म बॅटरीवरचा, आणि झोपायच्या आधी हीटर बंद म्हणजे बंद. बोटभर फटीतून पैसे उडून जातायत असं वाटतंच, पण काय करणार.

रात्रीसाठी रबराची गरम पाण्याची पिशवी. उकळतं नाही, जरा निवलेलं पाणी, दोन तृतीयांश भरायची, हवा दाबून काढायची, पायाशी ठेवायची. पहाटेपर्यंत कोमट राहते. बऱ्याच पिशव्यांवर फुलासारखं चिन्ह असतं, मध्ये उत्पादनाचं वर्ष, पाकळ्यांवर महिना. आमची बघितली तर सहा वर्षं जुनी, दोन-तीन वर्षांत बदलायला हवी होती म्हणे. तिला पाच स्टार दिले असते पण आता नवी घ्यावी लागणार.

हीटर विझवताना मात्र अजूनही सगळे दोन मिनिटं बाहेर जाऊन उभे राहतात, थंडीत कुडकुडत, खोली गरम असून.