तीन प्रमुख की एक? मी खूण कुठे केली

लष्करातल्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एकदा आम्हा काही अधिकाऱ्यांकडून लेखी मत मागवलं होतं. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांचे समान दर्जाचे तीन प्रमुख आणि त्यांची एक समिती, ही चालत आलेली पद्धत ठेवावी, की तिघांसाठी वर एक प्रमुख नेमून खालच्या कमांडही एकत्र कराव्यात? दोन रकाने, एकात खूण करायची आणि खाली कारण लिहायचं. तो कागद मी दोन दिवस टेबलावर ठेवून होतो.

आता भाचा संरक्षणशास्त्रात एम.ए. करतोय. वादविवादासाठी त्याला बाजू निवडायची आहे आणि परवा त्याने फोनवर नेमका हाच प्रश्न विचारला. त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतो. सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) म्हणजे तिन्ही दलांसाठी मिळून नेमलेला एक प्रमुख, आणि थिएटर कमांड म्हणजे एका क्षेत्रातली तिन्ही दलं एकाच कमांडरच्या हाताखाली, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आधी जुन्या पद्धतीबद्दल, कारण तिला निकालात काढण्याची हल्ली फार घाई दिसते. इंग्रजांच्या राज्यात सगळ्या फौजेवर एकच कमांडर-इन-चीफ असायचा आणि व्हाइसरॉयखालोखाल त्याचाच मान. स्वातंत्र्यानंतर ते ओझं तीन खांद्यांवर वाटलं गेलं आणि 1955 मध्ये कायदा करून 'कमांडर-इन-चीफ' हे पदनामच रद्द केलं. दिल्लीतला त्याचा बंगला, म्हणजे आजचं तीन मूर्ती भवन, तोवर पंतप्रधानांचं निवासस्थान झालेला होता. सगळ्या किल्ल्या एकाच कमरेला नकोत, हा विचार त्यामागे होता. शेजारी 1958 मध्ये अयुब खानांनी सत्ता हातात घेतली, तेव्हा हा विचार किती दूरचा होता ते दिसलं. आपल्याकडे सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कुणा सेनापतीचा पाय कधी वाकडा पडला नाही. त्याचं सगळं श्रेय या रचनेला देणार नाही, पण थोडं तरी द्यायला हवं.

दुसरी गोष्ट हवाई दलाची. माझा एक कोर्समेट हवाई दलातून निवृत्त झाला. खडकवासल्याच्या एनडीएत आम्ही कॅडेट म्हणून एकाच तुकडीत होतो, आजही रोज सकाळी बरोबर फिरायला जातो आणि या विषयावर आमचं आजही पटत नाही. तो म्हणतो, विमानाला हद्द नसते. 2019 मध्ये बालाकोटवर गेलेली मिराज विमानं ग्वाल्हेरची होती. ग्वाल्हेर येतं मध्य हवाई कमांडखाली आणि लक्ष्य होतं पश्चिमेच्या सीमेपार. थिएटरच्या भिंती उभ्या केल्या तर उद्या ती विमानं कुणाकडे मागायची? लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वॉड्रन, म्हणजे तुकड्या, 42, आणि सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 गेल्यावर हातात उरल्या 29. त्या तीन-चार थिएटरांत वाटल्या तर कुणाचंच पोट भरणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये महूच्या परिसंवादात हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनीही घाई करू नका, असंच सांगितलं. हा मुद्दा मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही.

नौदलाची भीती वेगळी. बारा लाखांच्या लष्करापुढे नौदल संख्येने अगदीच लहान. वर बसणारा एक प्रमुख बहुधा जमिनीवर वाढलेला असणार आणि जमिनीवरच्या माणसाला समुद्र उशिरा कळतो. आपल्या मराठी माणसांना हे मुद्दाम सांगायला नको. 1756 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली, त्यात विजयदुर्गाखाली मराठ्यांचंच आरमार जळालं. पुण्यातून पाहताना तो एका बंडखोर सरदाराचा बंदोबस्त होता. किनाऱ्यावरून पाहिलं तर ते कोकणचं कवच होतं. आपले पहिले दोन्ही सीडीएस, जनरल बिपीन रावत आणि जनरल अनिल चौहान, लष्कराचेच. दोघांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण नौदलातल्या मित्रांना काय वाटत असेल ते समजू शकतं.

आणि 1971 ची लढाई आपण समितीच्याच पद्धतीने जिंकलो. त्यात माणसांचा वाटा किती आणि पद्धतीचा किती, यावर दोन म्हातारे अधिकारी रात्रभर भांडू शकतात.

आता दुसऱ्या रकान्याकडे येतो. भाच्याला मी सांगितलं, भारताचा नकाशा घे आणि 'दक्षिण' हे नाव असलेली मुख्यालयं शोध. लष्कराची दक्षिण कमांड आपल्या पुण्यात. नौदलाची दक्षिण कमांड कोचीला. हवाई दलाची दक्षिण कमांड तिरुवनंतपुरमला. पूर्वेला लष्कर कोलकात्यात, हवाई दल शिलाँगला. उत्तरेत लष्कराचं मुख्यालय उधमपूरला, आणि त्या आकाशाची जबाबदारी दिल्लीतल्या पश्चिम हवाई कमांडकडे. गुजरातचा किनारा आणि कच्छचं रण सांभाळायचं तर लष्कर पुण्यातून बघतं, हवाई दल गांधीनगरहून आणि नौदल मुंबईहून. तीन दलांच्या मिळून 17 कमांड, आणि मुख्यालयांच्या नकाशावर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. शत्रू मात्र एका बाजूने एकच येतो. चीनने 2016 मध्ये आपले सात लष्करी विभाग मोडून पाच थिएटर केले. आपल्यासमोरचा सगळा पट्टा त्यातल्या एकाच पश्चिम थिएटरकडे आहे.

समिती हे सगळं जुळवेल, असं म्हणायचे. समितीचा अध्यक्ष म्हणजे तिघांतला सर्वांत ज्येष्ठ प्रमुख. स्वतःचं दल चालवता चालवता वरचं काम बघायचं आणि निवृत्तीची तारीख आली की काठी पुढच्याच्या हातात द्यायची. एकट्या 2019 मध्ये त्या खुर्चीवर तीन जण बसले: अ‍ॅडमिरल लांबा, मग एअर चीफ मार्शल धनोआ, मग जनरल रावत. इतक्या थोड्या काळात एखादी फाइल समजून घ्यायची म्हटली तरी अवघड.

कारगिलचं उदाहरण सगळेच देतात, मी थोडक्यात देतो. मे 1999 च्या सुरुवातीला घुसखोरी लक्षात आली आणि हवाई दलाची कारवाई सुरू झाली 26 मे रोजी. मधल्या काळात लष्कर सशस्त्र हेलिकॉप्टर मागत होतं. हवाई दल म्हणत होतं की त्या उंचीवर ती चालणार नाहीत आणि सरकारची परवानगी हवी. दोघांचं आपापल्या जागी बरोबर होतं. पण दोघांचं ऐकून 'असं करायचं' म्हणणारा गणवेशातला माणूस वर नव्हता. कारगिल समीक्षेनंतरच्या मंत्रिगटाने 2001 मध्ये सीडीएसची शिफारस केली. पुढे नरेश चंद्र समितीने प्रमुखांच्या समितीला कायम अध्यक्ष नेमा म्हटलं, आणि आपल्या पुण्याचे लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीनेही त्याच दिशेने अहवाल दिला. पद प्रत्यक्षात भरलं गेलं ते 1 जानेवारी 2020 ला.

तरीही खरं सांगतो, माझी खूण या मोठ्या गोष्टींमुळे झाली नाही. ती झाली एका ओएसएलमुळे, म्हणजे रजा संपूनही जवान उशिरा परतण्यामुळे.

तिन्ही दलांची माणसं एकत्र काम करत अशा एका ठिकाणी संपर्क केंद्र माझ्याकडे होतं. जागेचं नाव घेत नाही. रात्रीच्या पाळीला एका कन्सोलवर दोघं बसायचे, लष्कराचा एक नायक आणि हवाई दलाचा एक कॉर्पोरल (हे दोन्ही जवानांचे हुद्दे). कामात दोघंही पक्के, एका डब्यातलं खाणारे. एकदा दोघं बरोबरच रजेवर गेले आणि योगायोगाने दोघंही अकरा दिवस उशिरा आले. नायकाच्या घरी आई आजारी होती. कॉर्पोरलच्या घराच्या वाटणीचा तंटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायकाची पेशी लावली. टोपी नाही, पट्टा नाही, सावधान उभा. आरोप वाचला, त्याचं म्हणणं ऐकलं, शिक्षा सुनावली. सगळं मिळून पंधरा मिनिटं. दुपारी तो कामावर.

कॉर्पोरलला मात्र मी पेशीला उभं करू शकत नव्हतो. मी आर्मी अ‍ॅक्ट 1950 चा माणूस, तो एअर फोर्स अ‍ॅक्ट 1950 चा, आणि नौदलाचा कायदा 1957 चा, तो आणखी तिसरा. रजा त्याला मीच मंजूर केली होती, त्याच्या पाळ्या मी लावत होतो, लढाई लागली तर त्याला हुकूम मीच देणार होतो. पण अकरा दिवसांच्या उशिराबद्दल दोन शब्द सुनावण्याचा कायदेशीर अधिकार मला नव्हता. त्याला त्याच्या मूळ युनिटकडे पाठवायचं होतं. मूव्हमेंट ऑर्डर, रेल्वेचं वॉरंट, बरोबर एक एस्कॉर्ट, रजेच्या कागदांच्या प्रती, माझी जबानी. तिकडून एक कागद कमी असल्याचं पत्र आलं, तो पाठवला. मग त्यावर सही कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने करायची याबद्दल दुसरं पत्र आलं. सव्वादोन महिने ती खुर्ची रिकामी होती आणि नायक दुहेरी पाळ्या करत होता. ज्याने शिक्षा भोगली, त्याच्याच डोक्यावर दुसऱ्याचं काम.

एका रात्री मी केंद्रात चक्कर मारली, तेव्हा त्याने उभं राहून विचारलं, "साहेब, आम्ही दोघं एकाच दिवशी उशिरा आलो होतो ना?" बस, एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. माझ्याकडे त्याला देण्यासारखं उत्तर नव्हतं, आणि वरच्या कुणाकडे बोट दाखवावं तर तसं बोट दाखवण्याची जागाही नव्हती. माझा वरिष्ठ लष्कराचा, कॉर्पोरलचा वरिष्ठ हवाई दलाचा, आणि या दोघांचा मिळून एक वरिष्ठ शोधायचा तर थेट दिल्लीत, तोही एक मंत्री.

कागदावर खूण करताना मला कारगिल आठवलं नाही, तो कन्सोल आठवला. ज्याला रात्रीच्या पाळीत एका नजरेने पाहायचं, त्याला सकाळी दोन कायद्यांनी तोलायचं, अशा ठिकाणी 'एकत्र' हा शब्द पाटीवरच राहतो. मी दुसऱ्या रकान्यात खूण केली.

माझा अनुभव एका जागेचा आहे हे मान्य. इतरत्र समजूतदार अधिकाऱ्यांनी फोनवर बोलून अशा गोष्टी चुटकीसरशी मिटवल्याचंही पाहिलंय. पण समजूतदारपणावर चालणारी व्यवस्था माणूस बदलला की बदलते. पुढे 2023 मध्ये संसदेने आंतर-दलीय संस्थांचा कायदा केला, तो 10 मे 2024 पासून लागू झाला. आता संयुक्त संस्थेचा प्रमुख कोणत्याही दलाचा असो, हाताखालच्या तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीची कारवाई तोच करू शकतो. राजपत्रातलं ते इंग्रजी मी दोनदा वाचलं. गंमत म्हणजे वर्तमानपत्रांत त्याला आतल्या पानावर चार ओळींची जागा मिळाली होती, आणि माझ्या लेखी सीडीएसच्या नेमणुकीइतकीच ती मोठी बातमी होती.

इथे भाच्याने चांगला प्रश्न विचारला. "मामा, मग पाकिस्तानने केलं तेच तू मागतोयस ना?"

नाही, आणि हा फरक बाजू निवडणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथे 27वी घटनादुरुस्ती झाली. 1976 पासून असलेलं संयुक्त समितीच्या अध्यक्षाचं पद रद्द झालं आणि लष्करप्रमुख हाच पदसिद्ध संरक्षण दलप्रमुख झाला. अण्वस्त्रांच्या कमांडचा प्रमुखही लष्करातलाच. फील्ड मार्शलचा हुद्दा आणि खटल्यापासूनचं संरक्षण दोन्ही तहहयात. हे सगळं ज्यांच्यासाठी झालं ते आसिम मुनीर आधीच लष्करप्रमुख होते. वरवर पाहता तिथेही एकच प्रमुख आहे. पण तिथे तिन्ही दलं एकत्र आली नाहीत, दोन दलं तिसऱ्याच्या हाताखाली गेली. माझ्या कोर्समेटची आणि नौदलातल्या मित्रांची जी भीती आहे, ती तिथे घटनेतच लिहून ठेवली आहे.

आपल्याकडे सीडीएस नेमताना सरकारने स्पष्ट केलं होतं की तो तिन्ही प्रमुखांसकट कुणावरही लष्करी कमांड चालवणार नाही, म्हणजे सल्ला देताना तो कुणाच्या बाजूने झुकणार नाही. अमेरिकेतही 1986 च्या कायद्यानंतर हुकुमाची साखळी राष्ट्राध्यक्षांकडून संरक्षणमंत्र्यांकडे आणि तिथून सरळ थिएटरच्या कमांडरकडे जाते. तिथल्या दलप्रमुखांच्या समितीचा चेअरमन मुख्य सल्लागार असतो, त्या साखळीत नसतो. मला ही विभागणी पटते. एका क्षेत्रातल्या तिन्ही दलांच्या माणसांना एकच कमांडर हवा, रजेपासून लढाईपर्यंत. वर दिल्लीत एक प्रमुख हवा, पण तो कुठल्याही एका दलाचा मालक नको. हवाई दलाची मोजकी लढाऊ विमानं सगळीच थिएटरांत न वाटता काही मध्यवर्ती राखीव ठेवली, तर माझ्या कोर्समेटचाही अर्धा विरोध मावळेल. निदान सकाळच्या फेरीत एकदा तो तसं म्हणाला होता.

आणि सगळं एकाच रंगात रंगवायची घाई नको. कॅनडाने 1968 मध्ये तिन्ही दलं विलीन करून सर्वांना एकाच हिरव्या गणवेशात उभं केलं. नौदल आणि हवाई दलाला आपली जुनी नावं परत मिळायला 2011 उजाडलं. खडकवासल्याला तीन वर्षं आम्ही एकाच मेसमध्ये जेवलो, पण पुढे कुणी डेहराडूनला गेला, कुणी नौदलाच्या, कुणी हवाई दलाच्या अकादमीत, तेव्हा प्रत्येकाला आपापल्या टोपीचा अभिमान वाटला आणि तो वाटायलाच हवा.

त्या कागदावर कारणासाठी चार ओळींची जागा होती. मी दोनच लिहिल्या. पहिली: संयुक्त ठिकाणी काम करणाऱ्या दोन जवानांचा न्याय एकाच टेबलावर व्हावा. दुसरी: सर्वांवर नेमलेला प्रमुख त्याच वेळी कुठल्याही एका दलाचा प्रमुख नसावा. भाच्याला मी त्या दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तो म्हणाला, दुसरी ओळ मी घेतो, पहिलीला परीक्षक विचारतील, याचा संदर्भ काय.