बालीहून बसने ब्रोमोला जाताय? प्रोबोलिंगोला उतरायच्या आधी मॅप उघडा

बालीला जाणारे आपल्याकडचे लोक हल्ली खूप झालेत आणि तिथे गेल्यावर ब्रोमो ज्वालामुखीचे फोटो बघून बरेच जण विचारतात की शेजारच्या जावा बेटावरच आहे ना, मग बसने जाता येईल का. येतं. रस्ता चांगला आहे, फेरी आहे, जावात ट्रेन आहे, खर्चही झेपण्यासारखा. पण वाटेत प्रोबोलिंगो नावाचं शहर लागतं आणि तिथे परदेशी प्रवाशांना अगदी ठरवून गाठतात. मी आणि माझा धाकटा भाऊ त्यात सापडलो. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण त्यांची पद्धत इतकी पक्की बसवलेली आहे की ती सविस्तर लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतंय, कारण ती आधी माहीत असेल तर सहज टळते.

आधी रस्ता सांगते. बालीत रेल्वे नाही. देनपसारच्या बाहेर मेंग्वीला बस टर्मिनल आहे, तिथून सुराबाया, मलंगकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसेस सुटतात. बस बालीच्या पश्चिम टोकाला गिलीमानुक बंदरात जाते, तिथे बससकट फेरीत चढायचं आणि पाऊण-एक तासात पलीकडे जावाच्या केतापांगला उतरायचं. घड्याळ इथे एक तास मागे जातं, बालीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आणि जावाची दीड तास. मग उत्तर किनाऱ्याच्या हायवेने पश्चिमेकडे जात पहाटे प्रोबोलिंगो. तिथल्या बायुआंगा टर्मिनलच्या बाहेरून डोंगरावरच्या चेमोरो लावांग गावाला मिनीबस जाते. हे गाव तेंगर काल्डेराच्या, म्हणजे जुना ज्वालामुखी खचून झालेल्या मोठ्या खळग्याच्या, अगदी काठावर आहे, खाली वाळूचं मैदान आणि मधोमध धुमसणारा २,३२९ मीटर उंचीचा ब्रोमो, मागे जावातलं सगळ्यात उंच शिखर सेमेरू, ३,६७६ मीटर. राहणारे तेंगर लोक हिंदू आहेत, मैदानात त्यांचं देऊळ आहे आणि कसादाच्या सणाला ते ज्वालामुखीच्या तोंडात भाजीपाला, कोंबड्या वगैरे अर्पण करतात. बघण्यासारखी जागा आहे यात शंकाच नाही, म्हणूनच तर एवढा धंदा चालतो.

बसचं तिकीट आम्ही कुटाजवळच्या एका छोट्या ऑफिसातून काढलं होतं, प्रोबोलिंगो टर्मिनलपर्यंतचं, तिकिटावर तसं पेनाने लिहिलेलंही होतं. प्रवासात काही त्रास नाही. पहाटे साडेतीनच्या सुमाराला कंडक्टरने खांदा हलवून उठवलं, "प्रोबोलिंगो, ब्रोमो, ब्रोमो" एवढंच बोलला, बॅगा त्यानेच खाली ठेवल्या आणि आम्ही नीट उभे राहतोय तोवर बस निघालीसुद्धा. उतरलो कोण तर आम्ही दोघं आणि एक फ्रेंच जोडपं. भरलेल्या बसमधून एकही इंडोनेशियन माणूस उतरला नाही. शहराचं मुख्य टर्मिनल असेल तर तिथले लोक उतरणारच ना. पुढे कधी गेलात तर हे आधी बघा.

समोर रस्त्याला लागून एक ऑफिस, शटर अर्धं वर, आत ट्यूबलाइट, बोर्डवर इंग्रजीत टूरिस्ट इन्फर्मेशन आणि खाली टर्मिनल असं लिहिलेलं. आजूबाजूला सगळं बंद. आतला माणूस अगदी सफाईदार इंग्रजी बोलणारा, त्याने गरम चहा दिला, इंडिया म्हटल्यावर शाहरुख खानचं नाव काढलं, बसा बसा, थकला असाल. मग टेबलावर लॅमिनेट केलेला दरांचा कागद आला, वर सरकारी असावा असा गरुडाचा शिक्का. सोबत एक जाड रजिस्टर, त्यात आधी गेलेल्या प्रवाशांची नावं, देश आणि भरलेली रक्कम. जर्मनी, कोरिया, ब्राझील, देश सगळे वेगळे आणि अक्षर मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाचं. भावाने ते मला हळूच दाखवलं.

त्या माणसाचं म्हणणं असं की हेच टर्मिनल आहे. सार्वजनिक मिनीबस आज बंद आहेत, वर गावात पूजा आहे. त्यांच्या गाडीत चारच सीट उरल्यात आणि ती पंधरा मिनिटांत निघाली नाही तर सूर्योदय चुकेल. ब्रोमोच्या नॅशनल पार्कचं तिकीट गेटवर मिळत नाही, ते इथेच घ्यावं लागतं. आणि जीपशिवाय आत सोडतच नाहीत. दर माणशी गाडीचे अडीच लाख रुपिया, जीपचे साडेचार लाख, प्रवेशाचे साडेतीन लाख. दोघांचे मिळून एकवीस लाख, म्हणजे आपले अकरा हजारांच्या वर. फक्त कॅश, कार्ड चालत नाही. एवढी कॅश नव्हती तर त्यांचा एक पोरगा भावाला स्कूटरवर बसवून एटीएमला घेऊन गेला आणि मी बॅगांपाशी एकटी बसून राहिले. ती दहा-बारा मिनिटं मला फार लांब वाटली.

भाऊ आला तो तोंड उतरलेलं घेऊनच, मराठीत म्हणाला, "ताई, आपण टर्मिनलला नाहीच आहोत, मॅपवर टर्मिनल अजून पाच-सहा किलोमीटर पुढे दाखवतंय." मी त्या माणसाला स्पष्ट विचारलं तर आवाज न चढवता म्हणतो मॅप जुना आहे, ते टर्मिनल बंद झालं. मी म्हटलं मग आम्ही उजाडेपर्यंत थांबतो आणि बघतो, तर गोडवा एकदम गेला, इथे बसता येणार नाही, शटर लावायचंय, बॅगा बाहेर घ्या. बाहेर मिट्ट काळोख, एवढ्या हायवेवर एक रिक्षा दिसत नाही, आणि दारात त्यांचीच चार पोरं सिगरेट ओढत उभी. फ्रेंच जोडप्याने पैसे भरले होते. आम्हीही भरले. त्या क्षणी पैशांपेक्षा सुखरूप वर पोचणं महत्त्वाचं होतं आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं, त्या वेळेला आणि त्या जागी उतरवतात ते त्यासाठीच. आम्ही उतरत होतो तेव्हा ऑफिसातला पोरगा कंडक्टरच्या हातात नोट कोंबत होता असं फ्रेंच माणसाने नंतर गाडीत सांगितलं.

आता यातलं एकेक कसं खोटं होतं ते बघा.

बालीकडून येणारी बस शहरात पूर्वेकडून शिरते आणि बायुआंगा टर्मिनल आहे पश्चिमेला. म्हणजे बसला टर्मिनलच्या आधी अख्खं शहर ओलांडायचं असतं आणि ही ऑफिसं बरोबर त्याच्या अलीकडे थाटलेली आहेत. टर्मिनल बंद वगैरे काही झालेलं नाही, परतताना आम्ही त्याच टर्मिनलला उतरलो, चहा-नाश्त्याची दुकानं, गर्दी, सगळं चालू.

सूर्योदयाची घाई तर सगळ्यात मोठी थाप. तिथे सूर्य सव्वापाच-साडेपाचला उगवतो, सूर्योदय बघायच्या पेनांजाकानच्या पॉइंटला जाणाऱ्या जीप चेमोरो लावांगहून तीन-साडेतीनलाच निघतात, आणि प्रोबोलिंगोहून गावात पोचायलाच दीड ते दोन तास. मग पहाटे चारला प्रोबोलिंगोत असलेल्या माणसाला त्या दिवशीचा सूर्योदय मिळणं शक्यच नाही. आम्ही वर पोचलो तेव्हा लख्ख उजाडलं होतं आणि जीपवाला म्हणाला उद्या.

मिनीबस बंद नव्हत्या. हिरव्या रंगाच्या असतात, आपल्याकडच्या वडापसारख्या पूर्ण भरल्याशिवाय हलत नाहीत, भरली की माणशी चाळीस-पन्नास हजार रुपिया. भरली नाही तर ड्रायव्हर रिकाम्या सीटचे पैसे बसलेल्यांकडून मागतो, ती फसवणूक नाही, तिथली रीतच आहे, चार जण मिळून वाटून घेतात किंवा वाट बघत बसतात.

जीपचं तर ऐकूनच डोकं फिरलं. होमस्टेच्या इबूंनी, म्हणजे मालकीणबाईंनी, पावती बघितली आणि मान हलवली. भाडं अख्ख्या जीपचं असतं, माणशी नसतं. इबूंनी सांगितलेला भाव पूर्ण जीपचा सात लाख, आणि आमच्या चौघांचे मिळून ऑफिसने घेतले अठरा. शिवाय जीप सक्तीची मुळीच नाही. खासगी गाड्यांना वाळूच्या मैदानात बंदी आहे हे खरं, पण चेमोरो लावांगहून चालत खाली उतरून विवराच्या पायऱ्यांपर्यंत जाता येतं, तीन-एक किलोमीटर आहे, आणि गावाच्या वरच्या बाजूला सेरूनी पॉइंटलाही लोक पहाटे टॉर्च घेऊन चालत जातात. जीप सोयीची आहे, आईवडील बरोबर असतील तर घ्याच, पण गावात जाऊन, समोर गाडी बघून आणि चार-पाच जणांत वाटून.

प्रवेशाच्या तिकिटाचं प्रकरण मला सगळ्यात वाईट वाटतं कारण त्यात अर्धं सत्य मिसळलेलं आहे. नॅशनल पार्कचं तिकीट खरंच ऑनलाइन काढावं लागतं, त्यामुळे "गेटवर मिळत नाही" हे ऐकताना पटतं. पण पार्कच्या अधिकृत साइटवर ते आपलं आपल्याला काढता येतं, आणि जमलं नाही तर होमस्टेवाले काढून देतात. परदेशी माणसाचा दर सध्या अडीच लाखांच्या जरा वर आहे, इंडोनेशियन नागरिकांचा त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढा. आम्हाला दिलेल्या कागदावर क्यूआर कोड होता. गेटवर रेंजरने तो स्कॅन केला तर तिकीट निघालं स्थानिक दराचं, दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाचं. पासपोर्टशी जुळेना. रेंजर चांगला होता, ओरडला नाही, पण नियम म्हणजे नियम, तिकिटाचे पूर्ण पैसे पुन्हा भरावे लागले. ऑफिसच्या नंबरवर भावाने किती फोन लावले, कोणी उचलला नाही. पावतीवर पत्ता नाही, सही वाचता येत नाही, पैसे कॅशमध्ये गेलेले, त्यामुळे बँकेकडेही काही मागता येत नाही.

जे आता जायचा विचार करतायत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की बस नकोच, ट्रेनने जा. गिलीमानुकपर्यंत बालीतली बस किंवा गाडी, फेरीत पायी चढायचं, तिकीट अगदीच किरकोळ आहे, आणि केतापांग बंदरातून बाहेर आलात की केतापांग रेल्वे स्टेशन चालत दहा मिनिटांवर. जुन्या माहितीत त्याचं नाव बान्युवांगी बारू असं सापडेल, स्टेशन तेच. तिथून प्रोबोलिंगो साधारण चार-पाच तास. तिकीट रेल्वेच्या स्वतःच्या ऍपवर पासपोर्ट नंबर घालून आधी काढून ठेवा, गेटवर पासपोर्ट आणि तिकिटावरचं नाव जुळवून बघतात. गाडीची वेळ जावाच्या घड्याळाने असते हे विसरू नका. आणि दिवसाची गाडी निवडा, काळोखात अनोळखी गावी उतरायचं नाही, हे तर बायकांनी आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यांनी अजिबात करू नये. प्रोबोलिंगोचं स्टेशन शहराच्या मोठ्या मैदानासमोर आहे, त्यामुळे तुम्ही कुठे आहात याबद्दल कोणी थाप मारू शकत नाही. स्टेशनबाहेर एजंट येतीलच, टर्मिनल बंद आहे हेच सांगतील. त्यांना न थांबता ओलांडा आणि पिवळ्या अंगकोटने, म्हणजे तिथल्या शेअर व्हॅनने, किंवा ऍपवरची टॅक्सी बोलावून बायुआंगाला जा.

बसनेच जायचं असेल तर ऑफलाइन मॅप आधीच डाउनलोड करा, बायुआंगा टर्मिनल त्यात मार्क करून ठेवा आणि कंडक्टर उठवायला आला की सीटवरून न उठता मॅपवरचा निळा ठिपका बघा. टर्मिनलला नसेल तर बॅग उचलू द्यायची नाही, "बायुआंगा" एवढंच म्हणत बसून राहायचं. परतताना भेटलेल्या एका स्पॅनिश मुलीने असंच केलं होतं, कंडक्टर दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा गप्प बसला आणि तिला टर्मिनलला नेऊन सोडलं.

कॅश खालूनच नेऊन ठेवा, वर एटीएमच्या भरवशावर राहू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे हाडं गोठवणारी थंडी असते, बालीचे कपडे कामाचे नाहीत. निघायच्या आधी इंडोनेशियाच्या मॅग्मा या सरकारी ऍपवर ज्वालामुखीची पातळी तपासा. चार पातळ्या असतात, पहिली सामान्य आणि चौथी सगळ्यात धोक्याची, आणि विवरापासून किती लांब राहायचं तेही त्यात दिलेलं असतं. न्येपीच्या, म्हणजे बालीतल्या हिंदू नववर्षाच्या मौनाच्या दिवशी बालीचा विमानतळ आणि गिलीमानुकची फेरीसुद्धा बंद असते, तेव्हा मार्चमध्ये जाणाऱ्यांनी तारीख बघूनच बुकिंग करा.

पुढे पूर्व जावातल्या इजेन ज्वालामुखीलाही जाणार असाल तर तिथे २०२४ पासून तब्येतीचं सर्टिफिकेट लागतं. त्याचेही एजंट वाटेल तेवढे पैसे सांगतात. इजेनच्या वाटेवरच्या गावांत आणि बान्युवांगीतल्या दवाखान्यात ते बीपी वगैरे बघून थोडक्या पैशांत देतात, आम्हाला होमस्टेवाल्यांनीच दवाखाना दाखवला आणि पंधरा मिनिटांत काम झालं.