किनाऱ्याच्या रोड ट्रिपसाठी क्रेसी लिओनार्दो: डायव्ह कॉम्प्युटरचा रिव्ह्यू

एकाच डायव्ह सेंटरवर आठवडाभर मुक्काम असेल तर डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळेवरून अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशेब ठेवणारं मनगटी उपकरण, भाड्याने घेऊन भागतं. गाडी घेऊन किनाऱ्याने पुढे सरकत जायचं असेल तर भागत नाही. आज इथे दोन डायव्ह, उद्या पुढच्या गावातल्या सेंटरवर आणखी दोन, परवा नुसतं स्नॉर्केलिंग, असा कार्यक्रम असला की प्रत्येक ठिकाणी मनगटावर चढणारा नवा कॉम्प्युटर तुमची पाटी कोरी आहे असंच धरून चालतो. कालचा नायट्रोजन अंगात असतो, पण त्याच्या हिशेबात नसतो. म्हणून बीसीडी (हवा भरायचं जॅकेट), रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र), सिलिंडर, वजनं खुशाल भाड्याने घ्या. मास्क आणि कॉम्प्युटर मात्र स्वतःचा हवा. पहिला कॉम्प्युटर म्हणून क्रेसी कंपनीचा लिओनार्दो या कामाला चांगला आहे. मात्र तो काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे निघण्याआधी नीट समजून घ्यायला हवं.

स्क्रीन साधी, आकडे मोठे. खोली, डायव्हची वेळ आणि नो-डेको वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल तो वेळ) एका नजरेत वाचता येते आणि पाण्याखाली एवढंच लागतं. आत नायट्रोजनचा हिशेब करणारा क्रेसीचा आरजीबीएम अल्गोरिदम आहे. तो शरीराचे 9 काल्पनिक कप्पे धरतो आणि त्यांचे अर्धकाल 2.5 ते 480 मिनिटांचे आहेत. सगळ्यात संथ कप्पा रोड ट्रिपला महत्त्वाचा. 480 मिनिटं म्हणजे 8 तास. 8 तासांनी त्यातला जादा नायट्रोजन निम्मा उरतो, 16 तासांनी पाव आणि 24 तासांनी आठवा हिस्सा. तो पूर्ण निघायच्या आत दुसऱ्या दिवशीची भर पडते. रोज दोन-तीन डायव्ह करत गेलात तर हा साठा वाढत जातो आणि हातातला कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून तोच असेल तरच त्याला ते कळतं.

बटण एकच आहे. थोडक्यात दाबलं की पुढचा पर्याय, दाबून धरलं की आत शिरणं किंवा पक्कं करणं. चार-पाचदा वापरलं की हात बसतो. मागे जाण्याची सोय नाही, हा खरा त्रास. नायट्रॉक्सची (जादा ऑक्सिजन घातलेल्या हवेची) ऑक्सिजन टक्केवारी लावताना 32 वर थांबायचं राहून गेलं तर 50 पर्यंत जाऊन 21 वरून पुन्हा सुरुवात. हलत्या बोटीत ओल्या बोटांनी हे करत बसू नका, सिलिंडर तपासून झाला की किनाऱ्यावरच उरका.

नायट्रॉक्सची सेटिंग हीच दर नव्या सेंटरवर चुकायची जागा. काल 32 टक्के भरून मिळालं, आज साधी हवा मिळाली आणि कॉम्प्युटर कालच्याच आकड्यावर राहिला, तर तो तुमच्या अंगात जाणारा नायट्रोजन कमी मोजतो आणि नसलेली नो-डेको वेळ दाखवतो. उलट चूक, म्हणजे 32 टक्क्यांच्या सिलिंडरला 21 ची सेटिंग, नायट्रोजनच्या बाबतीत सुरक्षित असते, पण ऑक्सिजनची मर्यादा ओलांडली तरी इशारा येत नाही. ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) 1.4 बार धरला तर 32 टक्क्यांना कमाल खोली 33 मीटर, 36 टक्क्यांना 28 मीटर. सिलिंडरवरची चिठ्ठी वाचून समाधान मानू नका, ॲनालायझर स्वतः लावून बघा आणि मगच आकडा भरा.

सेफ्टी फॅक्टर 0, 1 आणि 2 असे तीन आहेत, आकडा वाढला की कॉम्प्युटर जास्त सावध हिशेब करतो. पहिल्या दिवशी 0 ठीक. तिसऱ्या दिवसापर्यंत ड्रायव्हिंगचा थकवा, अपुरी झोप, उन्हात कमी पडलेलं पाणी असं सगळं साचतं आणि कॉम्प्युटरला यातलं काहीच मोजता येत नाही. तेव्हा 1 वर न्या. बडीचा (सोबतच्या डायव्हरचा) कॉम्प्युटर वेगळ्या कंपनीचा असेल तर दोघांनी ज्याची वेळ कमी दिसते त्याचं ऐकायचं.

या ट्रिपमधला मोठा धोका मात्र रस्त्यावर असतो: घाट. विमानाचा नियम डायव्हरना पाठ असतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या 2002 च्या कार्यशाळेतून आलेली शिफारस सांगते, की डेको न लागलेल्या एका डायव्हनंतर किमान 12 तास, एकाहून जास्त डायव्ह किंवा सलग काही दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान 18 तास आणि डेको डायव्हनंतर 18 पेक्षा बरेच जास्त तास थांबा. ही शिफारस साधारण 600 ते 2,400 मीटर उंचीइतका दाब असलेल्या केबिनसाठी आहे. तितक्याच उंचीवर तुम्ही विमानाऐवजी गाडीने चढलात तरी शरीरावरचा परिणाम तोच. 2,400 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश असतो आणि दाब उतरला की विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. डायव्ह संपवून संध्याकाळी घाट चढून मुक्कामाला जाणं म्हणूनच वाईट बेत.

लिओनार्दोत उंचीची सेटिंग आहे, ती हाताने लावावी लागते. तिच्याबद्दल गैरसमज सर्रास होतो. डोंगरातल्या तलावात डायव्ह करायचा असेल तेव्हा ती कामाची. समुद्रात डायव्ह करून नंतर डोंगर चढायचा असेल तर तिचा काही उपयोग नाही. त्यासाठी स्क्रीनवरचं नो-फ्लाय (अजून विमानात बसू नका) चिन्ह बघा आणि ते घाटालाही लागू आहे असं समजा.

त्यामुळे रस्ता आखताना मुक्कामाच्या गावाची उंची पाहून पुरत नाही, वाटेतला सर्वांत उंच बिंदू शोधावा लागतो. नकाशाच्या ॲपमध्ये सायकलचा मार्ग निवडला तर बऱ्याचदा चढउताराची रेघ दिसते. शेवटच्या डायव्हनंतर दुपारी 12:30 ला पाण्याबाहेर आलात तर 18 तास दुसऱ्या दिवशी सकाळी 6:30 ला भरतात. सलग तीन-चार दिवस डायव्हिंग झालं असेल तर पूर्ण 24 तास धरा आणि दुपारनंतर निघा. शक्य असेल तर डोंगराळ टप्पा ट्रिपच्या सुरुवातीला ठेवा आणि डायव्हिंग संपल्यावरचा एक दिवस किनाऱ्यालगत स्नॉर्केलिंगला द्या. जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (बुडबुड्यांच्या त्रासावर दाब देऊन उपचार करायची खोली) कुठे आहे हे प्रत्येक टप्प्यासाठी आधीच लिहून ठेवा आणि तिथे जाणारा रस्ता घाटातून जातो का तेही बघा. सांधे दुखणं, मुंग्या येणं, विचित्र थकवा यांपैकी काहीही जाणवलं तर ऑक्सिजन आणि डॉक्टर. झोपून बरं वाटेल म्हणून वाट बघू नका.

स्नॉर्केलिंगच्या वेळी हा कॉम्प्युटर काढून ठेवलेला बरा. त्यात फ्रीडायव्हचा मोड नाही. श्वास रोखून खाली बुडी मारली तरी तो तुम्ही सिलिंडरची हवा घेताय असंच समजतो आणि हिशेबात फुकटची भर पडते. शिवाय स्कूबानंतर त्याच दिवशी बुड्या मारणं मुळातच टाळावं: फुप्फुसांत गाळले जाणारे सूक्ष्म बुडबुडे दाबाखाली आणखी बारीक होऊन रक्तात पुढे निसटण्याचा धोका असतो. पाण्यावर तरंगत बघायला हरकत नाही. बुड्या मारायच्याच असतील तर त्या सकाळी, स्कूबाच्या आधी, किंवा डायव्ह नसलेल्या दिवशी.

बॅटरी सीआर2430, घरी बदलता येते आणि ही मोठी सोय आहे. बदलायची ती निघण्याआधी, डायव्हिंगच्या दोन दिवसांच्या मध्ये नव्हे. झाकणाच्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर) केस किंवा वाळूचा कण राहिला तर पाणी आत जाणारच, म्हणून उजेडात बघा, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि शक्यतो नवी रिंगच घाला. डायव्हमध्ये स्क्रीन गेलीच तर हळू वर या, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबा आणि दुसरा कॉम्प्युटर वापरण्याआधी 24 तास जाऊ द्या.

रोज गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. सेन्सरच्या बारीक भोकांत मीठ सुकलं की खोली चुकीची दिसू लागते. तिथे टाचणी घालू नका, सिलिंडरच्या हवेचा झोतही मारू नका, दोन्हींनी सेन्सर खराब होतो. आणि तो वाळवायला गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. बंद काचांच्या आत एलसीडी आणि बॅटरी दोन्ही भाजतात.

कंपास नाही, सिलिंडरचा दाब दाखवत नाही, लॉग उतरवून घ्यायला वेगळा इंटरफेस विकत घ्यावा लागतो. कंपास भाड्याच्या कन्सोलवर (रेग्युलेटरच्या नळीला जोडलेल्या मीटरांच्या संचावर) मिळून जातो. रात्रीच्या किंवा गढूळ पाण्यातल्या डायव्हची आवड असेल तर उजळ रंगीत स्क्रीनचा कॉम्प्युटर घ्या, तिथे लिओनार्दो कमी पडतो.