एलडीएल की एपोबी: रिपोर्टमधला कोणता आकडा बघावा?

कोलेस्टेरॉल रक्तात कणांमधून फिरतं. एलडीएलचा (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा) आकडा कणांत भरलेलं कोलेस्टेरॉल सांगतो, तर एपोबी (कणांवरचं एक प्रथिन) कणांची संख्या. एलडीएल, व्हीएलडीएल (चरबी वाहणारे मोठे कण) अशा प्रत्येक कणावर एपोबीचा एकच रेणू असतो. धमनीच्या अस्तरात अडकतो तो कण, म्हणून मोजणी महत्त्वाची.

एरवी दोन्ही सोबतच वर-खाली होतात. फसगत होते ती मधुमेह किंवा चढे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) असताना. एलडीएल बऱ्याचदा सूत्राने काढतात. एकूण कोलेस्टेरॉल 190, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 35, ट्रायग्लिसराइड्स 275 (सगळे मिग्रॅ/डेसीलिटर) धरा: 190 − 35 − (275 ÷ 5) = एलडीएल 100. दिसायला बरं! पण कण लहान आणि संख्येने जास्त असले, तर एपोबी 120 निघू शकतो. ट्रायग्लिसराइड्स 400 च्या वर गेले की हे सूत्रच कोलमडतं.

एपोबीला उपाशीपोटी जावं लागत नाही, पैसे मात्र वेगळे पडतात. ते टाळायचे तर एकूणमधून एचडीएल वजा करा: इथे 155. अशा रुग्णात हा फुकटचा आकडा एलडीएलपेक्षा भरवशाचा. कणांचा आकार मोजणाऱ्या महागड्या चाचणीच्या नादी लागू नका.