ताउलचे सांत क्लिमेंत: चित्र संग्रहालयात, पण भिंत बघायला गावातच जावे

स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या बोई खोऱ्यात, पिरेनीजच्या ऐन डोंगरात, ताउल गावाच्या कडेला सांत क्लिमेंतचे चर्च आहे. १० डिसेंबर ११२३ रोजी रोदाचे बिशप रामोन यांनी त्याचा अभिषेक केला, ही नोंद आतल्या खांबावर रंगाने लिहिलेली होती. दुसऱ्याच दिवशी त्याच गावातल्या सांता मारियाचाही अभिषेक झाला. खोऱ्यातली अशी नऊ चर्चे २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. एकाच चर्चपुरता वेळ असेल तर सांत क्लिमेंतच निवडावे.

आत शिरण्याची घाई करू नका. आधी मनोरा खालून वर नीट बघा. जोत्यावर सहा मजले, आणि मजल्यागणिक एकेरी, दुहेरी, तिहेरी अशा बदलत्या खिडक्या. जिथे भिंतीला मोठे भोक पडते तिथे दगडाचा भार कमी होतो, हे त्या गवंड्यांना पक्के ठाऊक होते. भिंतीवर उथळ कमानींच्या ओळी आणि करवतीच्या दात्यांसारखी दगडी पट्टी दिसते. ही उत्तर इटलीतल्या लोंबार्डीच्या कारागिरांची पद्धत. दगड स्थानिक ग्रॅनाइटचा. तो कठीण असल्याने बारीक कोरीवकाम जवळपास नाही. सगळी शोभा मांडणीतून आणि सावलीतून येते, म्हणून तिरपे ऊन असताना हा मनोरा सर्वांत खुलतो. वर जाता येते, पण लाकडी जिना अरुंद आणि खडा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच समाधान मानावे.

आत तीन दालने आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाला अर्धवर्तुळाकार गाभारा. मधल्या दालनावर दगडी घुमट किंवा कमानछत नाही, साधे लाकडी छप्पर आहे. इमारतीचा सगळा स्वभाव यातून ठरला आहे. दगडी छत बाजूच्या भिंतींना बाहेर रेटते, त्यासाठी जाडजूड भिंती आणि भक्कम आधार लागतात. इथे तो रेटाच नाही, म्हणून गोल खांबांच्या दोन रांगांवर काम भागले आणि आत मोकळेपणा आला.

मुख्य गाभाऱ्यातले ख्रिस्ताचे भव्य चित्र आता इथे नाही. ते बार्सिलोनाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. कॅटलोनियातल्याच मुर इथल्या चर्चमधली चित्रे विकली जाऊन अमेरिकेत बोस्टनला गेली, तेव्हा संग्रहालय मंडळाने खोऱ्यातली चित्रे वाचवण्यासाठी १९१९ ते १९२३ या काळात ती भिंतींवरून काढून नेली. काम इटलीच्या फ्रांको स्तेफानोनी यांच्या चमूचे. चित्रावर जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस लावून सुती कापड चिकटवायचे. सरस वाळताना आकसतो आणि रंगाचा वरचा पापुद्रा ओढून सुटतो. मग कापडाची गुंडाळी करून ती खाली न्यायची, नव्या पाठीवर चित्र बसवायचे आणि पुढचे कापड कोमट पाण्याने सोडवायचे. गोम अशी की ओल्या चुन्यात रंग खोल मुरलेला असतो, त्यामुळे सगळा निघत नाही. भिंतीवर फिकट ठसा मागे राहतो. बायबलमधला काईन आपल्या भावाला, आबेलला, मारतो ते दृश्य पुढच्या काळात मूळ भिंतीवरच उजेडात आले.

पूर्वी गाभाऱ्यात चित्राची प्रतिकृती होती. २०१३ मध्ये ती काढून मूळ भिंतीवर प्रकाशाने चित्राचे प्रक्षेपण सुरू केले. हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. भिंतीवरचे खरे अवशेष आता दिसतात आणि प्रक्षेपण संपले की ते तसेच उरतात. रेखाटन आधी, मग रंग, मग ख्रिस्ताभोवतीची बदामाकृती चौकट, अशा क्रमाने चित्र भरत जाते. ख्रिस्ताच्या हातातल्या पुस्तकावर 'मी जगाचा प्रकाश आहे' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे उमटतात. खाली ख्रिस्ताची आई मरिया हातात लालसर तेज असलेले पात्र धरून उभी आहे. तिच्याकडे आवर्जून लक्ष द्या, भव्य ख्रिस्ताच्या दबदब्यात ती निसटते. संगीत मात्र थोडे जास्त आहे, या भिंतीला शांतता अधिक शोभली असती.

प्रक्षेपणाची वेळ दारातच विचारून घ्या आणि थोडे आधी आत जाऊन बसा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. जागा मधल्या दालनातच धरा. गाभारा आतून वळलेला असल्याने बाजूने आकृत्या ताणलेल्या दिसतात आणि खांबही आड येतात. दिवे लागल्यावर लगेच उठू नका, भिंतीवरचे फिकट ठसे आत्ताच ओळखू येतात.

बार्सिलोनाचे संग्रहालय नंतर बघावे. तिथे ६२० सेंटिमीटर उंचीच्या मूळ चित्रासमोर उभे राहिले की निळा रंग डोळ्यांत भरतो. तो पिरेनीजमध्ये सापडणाऱ्या एरिनाइट या खनिजाचा आहे.